पावाने पुसलेला माणूस

लादीतला ताजा पाव तोडला, की त्या वासाबरोबर मला मुलुंडचा बंद कारखाना आठवतो. बाबांची हयात तिथे गेली. एकदा मी त्याची चिमणी कोळशाने रेखाटत होते. उंची कळावी म्हणून बाबांना फाटकापाशी उभं केलं. ते शर्ट नीट खोचून उन्हात ताठ उभे राहिले.

पण त्यांना रेखाटल्यावर वाटलं, माणसाशिवाय कारखाना जास्त ओसाड दिसेल. कोळसा पावाच्या गराने पुसतात. त्यांच्याच वडापावातला पाव चिमटून मी त्यांना पुसलं.

चित्र बघून बाबा म्हणाले, “गो, मी खंय?”

“माणूस नको होता, बाबा.”

आता चिमणी नाही, बाबाही नाहीत. चित्रात फाटकापाशी करडा डाग तेवढा राहिलाय. पाहुणे म्हणतात, “धुकं काय झकास जमलंय!”

मी थँक्यू म्हणते.