गोळी विरघळेपर्यंत

माझा धाकटा भाऊ रोज सकाळी थोडा वेळ मुका होतो. सरकारी दवाखान्यात नशा सोडवण्याच्या खोलीत सिस्टर गोळीची पूड करून त्याच्या जिभेखाली टाकतात. ती तिथंच विरघळली पाहिजे. बोलायचं नाही, थुंकायचं नाही आणि गिळायचं तर मुळीच नाही, कारण पोटात गेली की तिचा गुण जातो. तो भिंतीकडच्या बाकावर ओठ मिटून बसतो. मी शेजारी बसून बोलायचे.

ही वेळ मी सोडत नव्हते. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात बायकांच्या कपड्यांचा माझा गाळा आहे. दिवसभर गिऱ्हाईक माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. मी भाव सांगते आणि ते हसून निम्म्यावर येतं. समोरचा माणूस उलटून बोलत नाही, अशी ही एकच जागा मला सापडली होती. आणि मला त्याला सांगायचं खूप होतं.

नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा मी एक पिशवी घेऊन सावनेरजवळच्या आमच्या घरी गेले होते. आईवडील गेलेले, घरात हा एकटा. दिवेलागणीची वेळ होती. मी कडी वाजवली, हाक मारली. आतून आवाज आला, "इथं जागा नाई, ताई. परत जाय." दार उघडलं नाही. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडायचं थांबवून माझ्याकडे बघत होती. तिचं ते बघणं मला अजून दिसतं. मी घराजवळच्याच बसस्टँडवरून नागपूरची बस धरली. फुटपाथवर चादर टाकून लेगिंग विकायला बसले. चादरीची हातगाडी झाली, हातगाडीचा गाळा झाला. त्यात भावाचा वाटा एवढाच, की त्यानं दार उघडलं नाही.

मग काही वर्षांनी तोच माझ्या गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. आधी मी ओळखलंच नाही. कोळसा खाणीवर टिप्पर चालवायचा, तिथं पाठीला मार बसला होता. दुखणं थांबवायला कोणीतरी इंजेक्शन दिलं. पाठ बरी झाली, इंजेक्शन राहिलं. टिप्परच्या अड्ड्यावर एकच सुई चौघांत फिरायची. त्या सुईतून त्याला एचआयव्ही झाला.

मी त्याला घरी नेलं. दार सताड उघडलं, त्याला नीट दिसावं म्हणून.

एचआयव्हीच्या गोळ्या मी त्याला रोज माझ्यासमोर घ्यायला लावायचे. एकही चुकू दिली नाही. तपासणीत विषाणू दिसेनासा झाला. पण दुसरा एक आकडा असतो, सीडीफोर म्हणतात त्याला. अंगाची राखण करणाऱ्या पेशी किती उरल्या, ते त्यावरून कळतं. तो आकडा जागचा हलेना. त्याच्या तोंडात पांढरे चट्टे यायचे, ताप यायचा, खोकला सुरू झाला की आमच्या दोघांच्याही मनात टीबीच यायचा. तो नुसता वाळत चालला होता.

मी डॉक्टरबाईंकडे भांडायच्या तयारीनंच गेले. धंद्यात माल हलका निघाला की मी व्यापाऱ्याच्या दारात जाऊन गठ्ठा उलटा करते. इथंही मला तसंच वाटलं.

"मॅडम, गोळ्या बरोबर, विषाणू गायब. मग हा आकडा काहून नाही वाढत? तुमचं औषध असली आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे न बघता भावाला विचारलं, "सुई अजून चालू आहे?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकच कारण आहे असं मी सांगणार नाही. पण हे ऐका. सुईबरोबर जंतू आत जातात. अफूच्या जातीच्या नशेनं आतडी सुस्त होतात, त्यांची भिंत कच्ची होते आणि तिथूनही जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात. नशा चढते, उतरते, परत चढते. या सगळ्यात पेशींना उसंतच मिळत नाही. विषाणू दबला तरी त्या सारख्या जाग्या, सारख्या चिडलेल्या. आणि अशी चिडलेली पेशी लवकर दमून मरते. नव्या तयार होतात, त्याही तशाच जातात. आकडा वाढणार कसा?"

भाऊ पहिल्यांदाच हसला. "म्हणजे मॅडम, माह्या रक्तात सगळ्या ताईच भरल्या."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मला राग आला. मी चिडून चिडूनच उभी राहिले आहे; चिडले नसते तर त्या बसस्टँडवरच बसून राहिले असते. पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. मला वाटायचं, सुई त्याच्या हाताच्या शिरा खराब करते आणि मन खराब करते. ती त्याच्या राखणदारांनाच दमवते आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिथून ही जिभेखालची गोळी सुरू झाली. चार दिवसांत मी परत भांडायला हजर.

"ही पण अफूच्याच जातीची आहे म्हणे. मग फरक काय?"

"ही हळू चढते आणि टिकते. वरखाली होत नाही. सुई लागत नाही. तलफ मारते, म्हणून एचआयव्हीची गोळीही चुकत नाही."

"मग थोडी कमी करून द्या."

"ताई, इथं भाव होत नाही," त्या म्हणाल्या. "कमी दिली की संध्याकाळी तो सुईकडे जाईल."

त्या दिवशी मी घासाघीस हरले. असं फार वेळा होत नाही.

तर रोज सकाळी तो बाकावर आणि मी त्याच्या कानाशी. कधी गिऱ्हाइकाचं सांगायचे, कधी घरमालकाचं, आणि फिरून फिरून त्या बंद दारावर यायचे. तो मान खाली घालून ऐकायचा. एके सकाळी मी म्हणाले, "रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा माणूस पावसात आत घेतो. आणि तू सख्ख्या बहिणीला..."

"तुले काय माईत वं!" तो ओरडला, आणि त्याच झटक्यात त्यानं तोंडातलं घटकन गिळलं.

सिस्टर धावत आल्या. "तोंड उघडा. जीभ वर करा. गेली ना पोटात!" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, ताई, कायले त्याले टोचून राहिल्या? घरी जागा नाही का भांडायले?"

"दुसरी द्या."

"नाई देता येत."

"अर्धी तरी द्या."

"औषध आहे बापा, मेथीची जुडी नाही. उद्या लवकर या."

दुपारपर्यंत गाळ्यावर त्याला जांभयांवर जांभया येऊ लागल्या. नाक गळायला लागलं. दंडावर काटा उभा राहिला. तरी तो कुर्त्यांच्या घड्या घालत होता. एका घडीवर त्याचं नाक गळलं, तर ती त्यानं बाजूला काढून ठेवली, "ही मी धुतो" म्हणाला. मग उठला.

"मी जाऊन येतो."

कुठं, ते विचारायची गरज नव्हती. आत्ता गेला तर परत त्याच अड्ड्यावर, परत त्याच सुईवर. आणि आकडा जिथं अडकला होता तिथूनही खाली. त्याच्याकडे आता घसरायला फारशी जागा नव्हती. मी त्याला धरून ठेवू शकले नसते. वाळला असला तरी पुरुष आहे. मी फक्त स्टूल ओढून गाळ्याच्या तोंडाशी बसले.

"सकाळचं अर्धं राहिलं. मला काय माहीत नाही, ते सांगून जा."

"ताई, आता नको. मले जाऊ दे."

"सांग आणि जा. आता तुझ्या जिभेखाली काही नाही."

तो गठ्ठ्यांच्या मध्ये खाली बसला. गुडघे पोटाशी घेतले. बाहेर दोघी पोरी प्लाझोचा भाव विचारत होत्या. मी त्यांना हातानंच घालवलं.

"तू हाक मारली तेव्हा दंडाले दोरी बांधून होतो," तो म्हणाला. "सुई हातातच होती. तू आत आली असती त तुले दिसलं असतं. आन् तू घरात राहिली असती त मले घेता आली नसती. म्हून म्हणलं, जागा नाई."

"म्हणजे तू सुईला घरात ठेवलं आणि मला बाहेर."

"हाव," त्यानं मान हलवली.

मला वाटलं होतं, तो काही सबब सांगेल. बायको करायची होती, शेजारी काय म्हणतील, तुझा नवरा मारायला आला असता. प्रत्येक सबबीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्यातली एकही त्यानं काढली नाही.

"मी बस जाईपर्यंत आयकून राहिलो होतो," तो म्हणाला. "बस गेली, मग टोचली."

त्यानंतर तो रडला की त्याचं नाक गळत होतं, ते मला कळलं नाही. मी चहा मागवला. तो त्याच्या पोटात टिकला नाही. मी परत मागवला. त्याच्या पिंढऱ्यांत गोळे यायला लागले तेव्हा त्या दाबल्या, आणि दाबताना त्याला शिव्याही दिल्या. तो कण्हत म्हणाला, "हळू दाब वं, गिऱ्हाईक नोहो मी." शटर ओढायच्या वेळेला तो तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोली उघडायच्या आधी दारात होतो. गोळी जिभेखाली गेली. मी बाकावर बसले आणि तोंड मिटून घेतलं. सिस्टर दोनदा डोकावून गेल्या, भांडण कसं नाही म्हणून.

पुढच्या तपासणीत तो आकडा थोडा वर सरकला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढ्यावर उड्या मारू नका. पण दिशा बरोबर आहे. असंच टिकवा." मी म्हटलं, अजून थोडा वाढवून लिहा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसल्या.

दाराचं मी विसरलेले नाही. त्यानं खरं सांगितलं म्हणून ते उघडलं गेलं असं होत नाही, आणि हे मी त्याला सांगते. पण आता बोलायची वेळ बदलली आहे. सिस्टर त्याला जीभ वर करायला लावतात, खाली काही उरलं नाही ना ते बघतात. मग तो रुमालानं ओठ पुसतो, माझ्याकडे वळतो आणि म्हणतो,

"हं, विरघळली. आता बोल."