नलिनीला ठाऊक असलेलं रक्त

नलिनी गेल्याचा निरोप मी यांना सांगितला, तेव्हा हे भरल्या ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन रडले... स्वतःची आई गेली तेव्हाही यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. नलिनी माझी बालमैत्रीण. तरी त्या क्षणी रडू यायच्या आधी माझा जीव जळला.

ती रक्त तपासणारी डॉक्टर. शालिमार चौकाजवळ तिची लहानशी लॅब होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस यांच्या पायाची बोटं लालबुंद होऊन जळायला लागली. हे गार पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायचे. कुणी उष्णता म्हणालं, कुणी वात. शेवटी मीच यांना नलिनीकडे नेलं. "प्लेटलेट्स फार वाढल्यात," ती म्हणाली, "पण कशानं, ते एका तपासणीत कळत नाही गं. बाकीची कारणं एकेक करून खोडावी लागतील." मग जंतुसंसर्ग नाही, लोह कमी नाही, कुठं गाठ नाही, असं करत महिने गेले. घरात दोन शब्द न बोलणारा माणूस तिच्याकडून आला की बोलतच सुटायचा. नलिनीताई असं म्हणाल्या, नलिनीताई तसं म्हणाल्या.

हाडातला मगज तपासला त्या दिवशी मी डबा घेऊन गेले. दोघं सूक्ष्मदर्शकाशी वाकलेले. "बघा भाऊजी, या थोराड पेशी कशा घोळक्यानं उभ्या आहेत! यांच्यातूनच प्लेटलेट्स सुटतात." हे चक्क हसले. तूही बघ, असं मला कुणी म्हणालं नाही.

"तुमचं रक्तसुद्धा तिलाच कळतं," घरी आल्यावर मी म्हणाले.

"अगं, दुखणं शोधतेय ती माझं."

"शोधू दे की."

तिनं शोधलं. मगजच गरजेपेक्षा जास्त प्लेटलेट्स बनवत होता. ॲस्पिरिनच्या लहानशा गोळीनं पायांची आग थांबली. मी पुरणपोळ्या पाठवल्या. स्वतः गेले नाही.

पुढं तीच अंथरुणाला खिळली. भेटायला गेले, तर स्वतःचं काही बोलेना. "भाऊजींचं डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, बोटं लाल झाली, तर थांबू नकोस. लगेच रक्त तपासून घे..." जाता जाताही यांचंच! मी तिचा हात धरून नुसती मान हलवत राहिले.

आता रोज सकाळी हे खाटेवर बसून पाय पुढं करतात. मी चष्मा लावून बोटं न्याहाळते.

"ठीक आहेत," मी म्हणते.

"नलिनीताई अंगठा दाबून बघायच्या," हे म्हणतात.

मी अंगठा दाबते. जरा जोरातच.