काकांचा रेडिओ आणि पंपाची खरखर

रिपेअरिंगच्या दुकानातून गिऱ्हाईक आपली वस्तू घेऊन जातं, किस्सा मात्र आपल्याकडेच राहतो. माझं मोबाइलचं दुकान बुडालं तेव्हा मी अकोल्यात दिगंबरकाकांच्या रिपेअरिंगच्या दुकानात कामाला आलो. त्यांनी विचारलं, "काय काय येते तुले?"

मी म्हणालो, "सगळंच."

"मंग शिकायले वेळ लागीन."

* * *

पहिलंच काम अंजनगाव सुर्जीच्या सुशीलाकाकूंच्या नर्सरीचं. मिरचीच्या रोपांवर दर अर्ध्या तासानं फवारा हवा होता. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घेतला, त्यावर टायमर आणि पंप चालू-बंद करणारा रिले. सप्लाय काही सुरू होईना. खराब आहे, असं मी सांगून टाकलं. काकांनी त्याची हिरवी वायर काळीला जोडली आणि पंखा फिरू लागला.

"मेला नव्हता लेका तो. त्याले कोणी उठवलंच नव्हतं."

* * *

मग रिलेवर वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड लावला, तोही उलटा. सप्लाय लगेच बंद!

काका म्हणाले, "तुह्यापेक्षा हुशार हाय तो. चुकलं की चूप बसते."

* * *

पंप-मोटारींमुळे वायरींत उठणारी विजेची खरखर शोधायला काकांकडे खिशातला एक जुना रेडिओ होता. दोन स्टेशनांच्या मधे लावायचा आणि वायरींजवळून फिरवायचा. जिथे खरखर वाढते तिथे दुखणं. बाकीचे मेकॅनिक असं काही करताना पाठ फिरवतात. काका मात्र रेडिओ माझ्याच कानाला लावायचे आणि म्हणायचे, "तू ऐक." एवढ्या मोकळ्या मनानं मला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

* * *

ऐन उन्हाळ्यात मला काकूंचा फोन आला. "पंप बंद झाला की तुमचा टायमरबी झोपते. दोन ट्रे वाळले. आज नाही झालं त सारी रोपं जातीन, भाऊ."

आम्ही मिळेल ती एसटी धरली. नीट दिसावं म्हणून पंपाची आणि टायमरची वायर मी एकाच पाइपातून नेली होती. काकांनी पाइप पाहिला. "भांडखोर सासू-सून एका खोलीत ठेवली तू."

वायरी वेगळ्या केल्या, रिलेवर ठिणगी शमवायला एक कंडेन्सर आणि रेझिस्टन्स लावला. पंप चालू, बंद, पुन्हा चालू. रेडिओ माझ्या कानाला होता. खरखर गेली होती आणि टायमर जागा होता. फवारा रोपांवर पडू लागला.

मागून काकूंनी हाक मारली, "दिगंबरभाऊ, चहा घ्या." मग आणखी दोनदा. काका वळलेच नाहीत. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"काका, ऐकू नाही आलं?"

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. "दोन वर्सं झाली बाप्पा. काहीच येत नाही."

"मग ही खरखर?"

"रेडिओ तू ऐकतं. मी तुह्या कपाळाच्या आठ्या पायतो."