मिठाच्या गावातली रत्ना

त्या सोमवारी दुपारी मी हॅम्बर्गमधल्या माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट हातात घेऊन उभी होते, तेव्हा डायलिसिस केंद्रातून गाब्रिएले सिस्टरचा फोन आला. “फ्राऊ वानखेडे आज आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत.” एवढंच. रत्ना वानखेडे एक वेळ जेवण चुकवेल, डायलिसिस चुकवणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसल्यावर मी स्वतःला समजावत राहिले, फोन चार्ज करायला विसरली असेल, झोप लागली असेल... दार उघडलं तेव्हा ती दाराजवळच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसलेली होती. अंगात कोट, एका पायात बूट. निघायच्या तयारीतच होती. डॉक्टर नंतर म्हणाले, दोन डायलिसिसमधला शनिवार-रविवारचा तो मोठा खंड अशा पेशंटच्या हृदयाला जड जातो. कधी कधी ते असं अचानक थांबतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. हॅम्बर्गमध्ये पाऊस आहे, नेहमीसारखा. मी तिच्याबद्दल लिहायचं ठरवते आणि प्रत्येक वेळी अडखळते, कारण तिच्याबद्दल सांगायचं तर आधी एका वाळवंटाबद्दल सांगावं लागतं.

आमची ओळख इथल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात झाली. हॉलच्या मागच्या बाजूला आम्ही दोघी खुर्च्या लावत होतो. ती वाशिमची, एसटी कंडक्टरची मुलगी, इथल्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करायला आलेली. मी विमान बनवणाऱ्या कंपनीत, डोक्यावर सामान ठेवायची जी कपाटं असतात त्यांच्या डिझाइनचं काम करते. ते ऐकून ती हसली आणि म्हणाली, “म्हणजे आपण दोघीही सामानवाल्याच. तुझं सामान विमानात, माझं उंटावर.” मग खुर्च्या बाजूला राहिल्या आणि तिने मला सहाराच्या दक्षिण काठावरची ती राज्यं सांगितली. घाना, माली, सोंघाय. मी घाना म्हणजे आजचा घाना समजत होते, तिने लगेच सुधारलं. “ते वेगळं गं. हे त्याच्या कितीतरी उत्तरेला, वाळवंटाला लागून.” दक्षिणेकडच्या नद्यांच्या मुलखातून सोनं यायचं, उत्तरेकडून वाळवंट ओलांडून मीठ यायचं, आणि मधे बसलेले हे राजे दोन्हींवर जकात घ्यायचे. त्यातून एवढी श्रीमंती आली की मालीचा एक राजा हजच्या वाटेवर कैरोत थांबला, तर त्याने वाटलेल्या सोन्याने तिथला सोन्याचा भावच पडला. टिंबक्टूत मदरसे उभे राहिले, पुस्तकांचा व्यापार चालला. आपल्याकडे शाळेत यातलं एक अक्षर शिकवत नाहीत, याचा तिला राग होता. पण तिचा विषय हे राजे नव्हतेच. “सोन्यावर सगळे लिहितात,” ती म्हणाली. “मीठ कोणी खणलं, ते विचार.”

वाळवंटाच्या पोटात तघाझा नावाचं गाव होतं. चौदाव्या शतकात तिथून गेलेल्या एका प्रवाशाने लिहून ठेवलं आहे, की तिथली घरं आणि मशीदही मिठाच्या लाद्यांची होती, वर उंटाच्या कातड्याचं छत. झाड नाही, शेत नाही. जमिनीखालून मिठाच्या जाड लाद्या काढायच्या आणि उंटावर लादायच्या. लाद्या काढणारी माणसं गुलाम होती. त्यांचं खाणंही बाहेरून यायचं, उत्तरेकडून खजूर, दक्षिणेकडून बाजरीसारखं धान्य. काफिल्याला उशीर झाला की उपासमार. पळून जायचं म्हटलं तर चारी बाजूंना वाळू. रत्नाच्या गाइडना वाटायचं, तिने सोन्याच्या व्यापारावर लिहावं, त्याला साधनं भरपूर आहेत. ती ऐकायची, गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणायची आणि पुन्हा तघाझावर यायची.

तिला तिकडे जायचं होतं. निदान टिंबक्टूपर्यंत. पण उत्तर मालीत लढाई पेटलेली होती आणि विद्यापीठाने परवानगी नाकारली. मग तिने मोरोक्कोच्या बाजूने वाळवंटाचा काठ तरी बघायचं ठरवलं. तिकीट काढायच्या आधी साधी तपासणी करायला म्हणून गेली, आणि दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्याचं कळलं. पाण्याचे फुगे होण्याचा आजार, आईकडून आलेला. आईलाही तोच त्रास होता, पण वाशिममध्ये त्याला बरीच वर्षं नुसतं बीपी म्हणत होते.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मीठ बंद. पाणी मोजून. टोमॅटो, केळी, डाळ, सगळ्यावर बंधन. मिठाचा इतिहास लिहिणारीचं मीठ तोडलं, यावर पहिला विनोद तिनेच केला, पण तहानेवर कधी विनोद केला नाही. माझ्याकडे आली की बर्फाचा खडा तोंडात धरून बसायची आणि तो विरघळेपर्यंत बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, “काफिल्यातल्या लोकांच्या तहानेवर मी पानं भरून लिहिलंय. सगळं फाडून पुन्हा लिहायला पाहिजे.”

मग एकेक दार बंद होत गेलं. विद्यापीठातली नेमणूक संपली, व्हिसाचं नूतनीकरण रखडलं, हातात फक्त तात्पुरता कागद. देश सोडला तर परत येता येईलच याची खात्री आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसाच्या कचेरीत, कोणी देईना. इथे किडनी मिळण्याच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव होतं, आणि ती यादी वर्षानुवर्षांची. भारतात परतायचं म्हणजे त्या नावावर पाणी सोडायचं, आणि वाशिमहून प्रत्येक डायलिसिससाठी अकोला नाहीतर नागपूर गाठायचं. राहिली तर अडकली, गेली तर संपली. अशात आई गेली. तिने अंत्यसंस्कार फोनवर बघितले, माझ्या स्वयंपाकघरात, उभं राहून. बस म्हटलं तरी बसली नाही. भाऊ फोन धरून होता आणि चित्र सारखं हलत होतं. “मिलिंद, नीट धर रे,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मिलिंद तिचा धाकटा भाऊ, आयटीआयमध्ये शिकवतो, दोन लहान मुली आहेत. तो किडनी द्यायला केव्हाचा तयार होता. “ताई, माझ्या दोन आहेत, त्यातली एक तुझी,” हे मी स्वतः स्पीकरवर ऐकलं आहे. रत्ना एकच उत्तर द्यायची. “आईचं तुझ्यातही असेल. आधी ते बघ. माझं नंतर.” तो तपासणी टाळत होता की ती विषय टाळत होती, मला तेव्हा कळत नव्हतं.

याच काळात तिने डायलिसिसच्या खोलीत शिकवायला सुरुवात केली. शिकवायला म्हणणंही जास्तच होईल. शेजारच्या खुर्चीवर फ्राऊ फेडरसन असायच्या, बेकरी चालवून निवृत्त झालेल्या, सगळ्यांवर वैतागलेल्या. त्यांनी एकदा विचारलं, एवढं काय वाचतेस? रत्नाने सांगितलं. काफिला कसा निघायचा, वाटाड्या पुढे एकटा जाऊन पुढच्या गावाला कसं कळवायचा, म्हणजे तिथून पाणी घेऊन लोक सामोरे येतील, आणि तो वाटाड्या वाटेत मेला तर मागच्या सगळ्यांचं काय व्हायचं. यंत्रं घुरघुरत असायची, रक्त नळ्यांतून बाहेर जाऊन परत येत असायचं, कोणालाही उठता यायचं नाही, आणि ती अडखळत्या जर्मनमध्ये वाळवंट सांगत असायची. पुढच्या वेळी फ्राऊ फेडरसन म्हणाल्या, “आल्झो? मग? वाटाड्या पोचला की नाही?” मग पलीकडचे दोघं कानातले हेडफोन काढून ठेवायला लागले. मी तिला आणायला जायचे तेव्हा कधी कधी गाब्रिएले सिस्टर सुई काढायचं सोडून ऐकत उभी असायची.

तिने प्रबंध पूर्ण केला. तोंडी परीक्षा डायलिसिस नसलेल्या दिवशी ठेवून घेतली. मी मागच्या रांगेत बसले होते. एका परीक्षकाने विचारलं, या खाणीतल्या माणसांनी स्वतः काहीच लिहिलेलं नाही, मग तुम्ही त्यांच्याबद्दल कशाच्या आधारावर बोलता? रत्नासमोर पाण्याचा पेला होता, त्याला तिने हात लावला नाही. म्हणाली, “त्या प्रवाशाच्या तक्रारीच्या आधारावर. तो लिहितो, इथलं पाणी खारट आहे, माश्या फार आहेत. तो थोडे दिवस राहिला आणि पुढे गेला. त्याला निघून जाता आलं, म्हणून त्याला लिहिता आलं. तेच पाणी पिऊन जे मागे राहिले, ते मला त्याच्याच वाक्यात सापडतात.” मग गाइड पुढे झुकून म्हणाल्या, “हो... हे प्रकरण सोडलं नाहीत ते बरं केलंत.” त्या दिवशी ती डॉक्टर झाली. आम्ही बंदरातल्या फेरीबोटीत बसून एल्ब नदीवर उगाच एक चक्कर मारली. वारा भयंकर होता. तिने कठडा घट्ट धरला होता आणि ती खूश होती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

मिलिंद आला. त्याचा पहिलाच परदेशप्रवास, आणि तो असा. आम्ही पंचवीस-तीस जण होतो, बुद्धवंदना झाली, फ्राऊ फेडरसन चाकाच्या खुर्चीवरून आल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून घर रिकामं करायचं होतं. इथे भाड्याचं घर परत देताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. मी म्हटलं, माणूस लावू. मिलिंद म्हणाला, “नको ताई, मला येतं. तेवढं तरी मला करू द्या.”

त्याने फर्निचर मधोमध ओढलं, जमिनीवर प्लास्टिक अंथरलं आणि कामाला लागला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला. “मी तपासून घेतलं होतं. मागच्या वर्षीच, नागपूरला. माझ्यात नाही निघालं काही. पासपोर्टही काढला होता. तिला फोन करून सांगितलं, आता तरी येऊ दे म्हणून...”

“काय म्हणाली?”

“रडली आधी. खूप. मग म्हणाली, तू सुटलास ना, आता सुटलेलाच राहा. माझ्यासाठी पुन्हा आत येऊ नको.” त्याने रोलर डब्यात बुडवला. “त्यानंतर मी कितीदा विषय काढला, ती मुलींच्या शाळेचं विचारायची.”

तिने हे मलाही सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक जागा राहिली होती. तिथे, साधारण तिच्या खांद्याच्या उंचीवर, भिंतीवर एक काळपट डाग होता. डायलिसिसहून आल्यावर तिला गरगरायचं. चहा उकळेपर्यंत ती तिथे तळवा टेकवून उभी राहायची, वर्षानुवर्षं. बोटं वेगळी ओळखू येत नव्हती, पण तळव्याचा आकार कळत होता. मिलिंदला मी ते सांगितलं. त्याने रोलर खाली ठेवला, हात पँटला पुसला आणि डागावर आपला तळवा ठेवला. तिच्यापेक्षा त्याचा हात मोठा, डाग सगळा झाकला गेला. तसाच उभा राहिला तो. खाली रस्त्यावरून बस गेली, काच थरथरली.

मग त्याने तिथेही रंग लावला. आम्ही वाळायची वाट बघत जमिनीवर बसलो. वाळल्यावर बघितलं तर पांढऱ्याखालून डाग अजून दिसत होता, फिका, पण दिसत होता.

मिलिंद उठला, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाला, “अजून एक हात द्यावा लागेल.”

आणि रोलर न उचलता तिथेच उभा राहिला.