पद्मजाच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी युनियनमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. सभेत मी तासभर न अडखळता बोलते — इथं पहिल्याच ओळीला अडखळतेय.

पद्मजाला तुम्ही ओळखता. निदान चेहऱ्यानं तरी. संध्याकाळच्या मालिकेतली ती थोरली सून, सगळं मुकाट सोसणारी. त्याआधी मोलकरीण, नर्स, नायिकेची मैत्रीण — दोन-दोन वाक्यांच्या कितीतरी भूमिका. आमच्यासाठी मात्र ती सोलापूरच्या पूर्व भागातली, आमच्याच गल्लीतली पद्मी. भिंतीला भिंत लागून घर. तिची आई नरसम्मा, सगळ्या गल्लीची अम्मा. जन्मभर विड्या वळल्या तिनं. माझ्या आईनंही. आम्ही दोघी शाळेतून आलो की आधी मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घ्यायचो, मग गृहपाठ. शाळेच्या नाटकात दोघीही होतो. टाळ्या तिला पडायच्या — हे मी नेहमी वगळते. आज वगळत नाही.

ती मुंबईला गेली. मी विडी कामगार बायकांच्या युनियनमध्ये आले आणि पत्रकं लिहायला शिकले. पत्रक लिहायची आमची एक रीत आहे. आधी मालकाचं वाक्य लिहायचं, अवतरणचिन्हांत — 'या बायका घरी बसून वेळ घालवतात.' मग खाली त्याला सणसणीत उत्तर. मालक अगदी तसंच बोललेला असतो असं नाही. पण त्याच्या वागण्याचा अर्थ तोच असतो ना? म्हणून त्याला आपण वाक्य देतो. मालक काही तक्रार करायला येत नाही. मला हे फार छान जमायचं. दुसऱ्याच्या तोंडी वाक्य घालायचं.

काही वर्षांपूर्वी कारखानदारांनी बायकांची कार्डं काढून घ्यायला सुरुवात केली. कार्ड म्हणजे तू कामगार आहेस याचा एवढा एकच पुरावा. दवाखाना, पेन्शन, सगळं त्याच्यावर. आम्ही मोर्चा ठरवला. मी पद्मजाला फोन केला — ये, व्यासपीठावर उभी राहा. ती म्हणाली, करारात आहे, चॅनेलच्या परवानगीशिवाय मोर्चाला जाता येत नाही. पण सुट्टी काढून येते, बायकांच्यात बसते, कॅमेरे तेवढे नकोत. मी म्हणाले, "कॅमेरा नसेल तर तू कशाला हवीस?"

हो. मीच म्हणाले हे. मोर्चे काढणारी, माणसाची किंमत शिकवणारी मी.

फोन ठेवला आणि त्याच तिडकीत पत्रक लिहायला बसले. कुणासाठी चिडले होते मी? बायकांसाठी? तेव्हा मला तसंच वाटत होतं. पत्रकात मी लिहिलं — विडी कामगाराच्या पोटची पोर आज टीव्हीवर गेली आणि म्हणते, 'माझ्या आईनं कधी विड्या वळल्या नाहीत!' उद्गारचिन्हही मीच दिलं.

पद्मजा असं कधी बोललीच नव्हती. एका मुलाखतीत आईबद्दल विचारलं तेव्हा "आई घरीच असते" एवढं म्हणाली होती. आणि विड्या घरीच वळतात. यात खोटं काय होतं, सांगा. खोटं मी लिहिलं. ते छापून कारखान्यांच्या ब्रँचब्रँचवर वाटलं, जिथं बायका वळलेल्या विड्या देऊन नवी पानं घ्यायला येतात.

अम्मा तिथंच होती. बायकांनी तिला धरलं. "काय गं नरसम्मा, पोरगी म्हणती तू विड्याच वळत न्हाईस. मग हितं रोज कोण येतंय, तुझं भूत?" अम्मा पत्रक घडी करून माझ्याकडे घेऊन आली. तिला वाचता येत नाही, ना घरची तेलुगू ना मराठी. म्हणाली, "नसीमा, तू शिकलेली हायस. वाच की जरा."

मी वाचलं. ती ओळ गाळली असती तर तिला कळणार होतं का? बायकांना चेष्टेची सवय आहे म्हणून सांगता आलं नसतं का? नाही गाळली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं — आणि आवाज चढवून वाचलं, सभेत वाचते तसं.

"पद्मी खरंच असं म्हणली?"

"छापलंय की, अम्मा."

पुढच्या आठवड्यात अम्मा ब्रँचवर जाऊन कार्ड परत देऊन आली. ज्या कार्डांसाठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, त्यातलं एक — आपल्या हातानं. मी धावत गेले. कायदा सांगितला, ओरडले. ती शांतपणे सूप माळ्यावर ठेवत होती. म्हणाली, "पोरगी मोठ्या लोकांत ऱ्हाती. तिचं बोलणं खोटं नको पडायला."

सांगायची वेळ तीच होती. मी तिला पेन्शनचा नियम समजावत राहिले.

पोरीला तिनं काही विचारलं नाही. डोळ्यांना दिसत न्हाई म्हणून काम सोडलं, असं सांगितलं. पद्मजाला बरंच वाटलं.

यंदा पद्मजाचा सिनेमा आला. पहिल्यांदाच मुख्य भूमिका, आणि तीही विडी कामगार बाईची. लोक म्हणाले, हिचे हात बघा, हे कुठं शिकली असेल? तिनं कुठंच उत्तर दिलं नाही. टीव्हीवाल्यांना म्हणाली, सोलापूरला जा, माझ्या अम्माला विचारा. तिला अम्माच्या तोंडूनच ते ऐकायचं होतं. ते आले, अख्खी गल्ली जमली, माइक पुढे झाला. अम्मानं पदर सावरला. "सिनेमावाल्यांनी शिकवलं असंल. आमच्या घरात कुणीच विड्या वळल्या न्हाईत."

गल्लीतलं कुणी हसलं नाही. मी दारातच उभी होते.

ते दाखवलं त्या दिवशी पद्मजाचा फोन आला. रडत नव्हती. "नसीमा, अम्मा असं का म्हणाली गं? माझ्या कामाची लाज वाटते का तिला?"

मी म्हणाले, "वय झालंय गं तिचं. आताशा विसरते."

पुढच्या सोमवारी पद्मजा तिला मुंबईला नेतेय, विसरण्याच्या आजारावर डॉक्टरला दाखवायला. अम्माला कसलाही आजार नाही. काल तिची पिशवी भरायला मीच गेले होते.