सर, दरवेळी शून्य होतंय म्हणून तुम्हीच सांगितलं होतं

आणि वरून शिकवणीचे सर फोनवर म्हणतेत, "तेवढं पोरीला कळायला पायजे होतं." कसं कळंल सर? तुम्ही सांगितलं तेच ती लिहून आली.

शिकवणीच्या या ग्रुपवरच्या बायांनो, माझी दीपाली इथंच नांदेडात इंजिनिअरिंगला हाय. आज तिचा गणिताचा पेपर होता. फूरियर सिरीजच्या गणितात 'साईन एन पाय बाय टू' असं पद आलं. तिनं ते शून्य धरून उडवलं अन् सगळं उत्तर चुकलं. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणली, नुसतं एन पाय असलं तर शून्य होतंय, खाली दोन आले की दरवेळी होत न्हाई. तवापासून पोरगी रडायली. याच विषयात ती मागंबी राहिली होती.

मी सातवी नापास, मला त्यातलं काही कळत न्हाई. पण शिकवणी आमच्याच पुढच्या खोलीत चालते. सर लातूरहून नवीन आले तवा घरचं माणूस समजून मीच ती खोली दिली. दीपालीनं विचारलेलं मी माझ्या कानानं ऐकलंय, "सर, हे दरवेळी उडवायचं का?" सर म्हणले, "हाव, डोळे झाकून उडव. लई डोकं लावू नको."

आता शिकवणीतल्या दुसऱ्या कॉलेजच्या लेकरांचा पेपर सोमवारी हाय. ते पद कवा उडवायचं अन् कवा ठेवायचं, हे रविवारी संध्याकाळपर्यंत इथं सगळ्यांसमोर लिहा सर. अन् विचारणाऱ्या पोरीला गप का बसवलं, तेबी लिहा.