तेल मुरेपर्यंत

श्रीरामपूरच्या आमच्या घराच्या भिंती धुलाईला बोलावलेल्या माणसानं मशीनच्या जोरदार पाण्यानं धुतल्या, पण सागवानी दाराशी येताच मशीन बंद केलं.

"पान्याच्या मारानं लाकडाची सालं निघत्यात," म्हणाला आणि ओल्या फडक्यानं दार पुसलं. मग तळहातानं, लहान मुलाची पाठ चोळावी तसं जवसाचं तेल चोळलं.

"सांजंपर्यंत दार लावू नका, चिकटंल."

"उघडं कसं ठेवू? मी एकटाच असतो."

दारावरची दोन कुलपं बघून तो हसला. "मी शिंगणापूरचा. आमच्या घराला दारच न्हाई. नुसती चौकट हाय, तिलाच तेल लावतो."

तो गेल्यावर मी खुर्ची टाकून राखण करत बसलो. पाचच्या सुमारास समोरच्या काकू थेट आत आल्या, चार वर्षांत पहिल्यांदाच.

"दार उघडं दिसलं," एवढंच म्हणाल्या.